ढाक्याहून डुमन्याला सव्वा तास

आमच्या मामंजींचा हात आधी चालायचा आणि तोंड मागून. लग्न होऊन मी नागपूरहून जबलपूरला आले, त्याच आठवड्यात हे पाहिलं. वरणात मीठ कमी पडलं होतं. त्यांनी काही न बोलता ताट उचलून भिंतीवर आपटलं आणि मग शांतपणे विचारलं, घरातलं मीठ संपलं का. माझ्या सासूबाई, राधाबाई, यांनी भिंत पुसली, दुसरं ताट वाढलं आणि आत आल्यावर मला हळूच म्हणाल्या की तू भिऊ नको, सुनेवर ते हात टाकणार नाहीत. ते खरं निघालं. सुनेच्या बाबतीत त्यांचा तेवढा एक नियम होता. बायको आणि मुलगा यांच्या बाबतीत कुठलाच नव्हता.

मामंजींचं नाव पुंडलिक मोकाशी. मोकाशी घराणं भोसल्यांच्या चाकरीत कधीतरी नर्मदेकाठी आलं आणि इथलंच झालं. भोसले गेले, इंग्रज आले, इंग्रजही गेले, पण मोकाश्यांचा दारूगोळा काही सुटला नाही. बेचाळीस साली, मोठ्या लढाईच्या ऐन भरात, मामंजी जबलपुरातल्या एका तोफगोळ्यांच्या कारखान्यात लागले. गोळे करणारे दुसरे, यांचं काम ते डागून पाहण्याचं. शहराबाहेर त्यासाठी मोठं मैदान होतं. तोफ सुटायची आणि लांब खंदकात बसलेला माणूस घड्याळ धरून पाहायचा, गोळा किती वेळात किती दूर जाऊन पडला. त्याला ते लोक रेंज म्हणत. भडका दिसला की पालथं पडायचं, कान दाबायचे, तोंड उघडं ठेवायचं आणि भोंगा वाजेपर्यंत डोकं वर काढायचं नाही, असा तिथला शिरस्ता.

दिवाकर नावाचा त्यांचा जोडीदार एकदा भोंग्याआधी उठला. त्याचं जे उरलं ते मामंजींनी स्वतः गोणपाटात भरलं. त्याच दिवशी त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि एक कान गेला. तेव्हापासून हे असे झाले, असं सासूबाई सांगायच्या. मला ते कधी पटलं नाही. बोटं गेलेली कितीतरी माणसं त्या कारखान्यात होती. ती सगळी काही घरी येऊन बायकोला पट्ट्याने फोडून काढत नव्हती.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली तेव्हा मला नववा महिना लागला होता. पहिल्याच रात्री आग्र्यावर बॉम्ब पडले आणि जबलपूरचं धाबं दणाणलं. आग्र्यात जाऊन जाऊन काय, ताजमहाल. इथे तर पावलोपावली कारखाने आणि दारूगोळा. आता पाळी आपली, असं जो तो म्हणू लागला. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातले कापडवाले ऊन असतानाच दुकानं बंद करू लागले. मोटारींचे अर्धे दिवे काळे झाले. कांचघर मोहल्ल्यात आमचं घर कौलारू, कवेलूंचं होतं, म्हणजे खिडक्यांना काळा कागद लावला तरी उजेड छपराच्या फटींतून वर जायचा. मामंजींनी शिडीवर चढून एकेका फटीत चिंध्या कोंबल्या. आढ्याखाली गोणपाट ताणलं. थंडीचे दिवस, सगळं कसं वाळून खडखडीत झालेलं.

लोक पश्चिमेकडे बघत होते, कारण आग्र्याला विमानं तिकडूनच आली होती. मामंजींचं म्हणणं वेगळं पडलं. माझा नवरा श्रीकांत, त्याचा शाळेतला नकाशा त्यांनी माळ्यावरून काढला, सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला आणि जमिनीवर उकिडवे बसून मोजायला लागले. पश्चिम पाकिस्तानातल्या सरगोध्याच्या विमानतळापासूनचा दोरा लांब भरला. मग त्यांनी तोच दोरा पूर्वेकडे नेला. ढाका आणि जबलपूर, दोन्ही जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर, कर्कवृत्ताच्या आसपास. ढाक्याच्या विमानतळापासून आमच्या डुमन्याच्या विमानतळापर्यंत अंतर साडेसहाशे मैलांच्या आसपास निघालं, म्हणजे पश्चिमेपेक्षा कमी. डुमना तेव्हा जंगलातली एक धावपट्टी होती. तिच्यावर विमान उतरलं तर पोरं बघायला जायची. पण मामंजी म्हणाले, वैमानिक आधी ती धावपट्टी शोधेल आणि तिच्यावरून कारखान्यांचा अंदाज घेईल. सरळ रेषा, मध्ये वळण नाही, वेळ सव्वा तास. शिवाय तिकडे सूर्य आपल्या आधी मावळतो. तिकडचा अंधार धरून निघालेलं विमान इकडे साडेसहाला डोक्यावर.

हे ऐकून मोहल्ला गार पडला. कारखान्यातला माणूस, रेंजवाला, तो का उगाच बोलेल? ढाक्याहून डुमन्याला सव्वा तास, हे आठ दिवसांत कांचघरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ झालं. बायका पाचला जेवणं उरकू लागल्या. तुळशीपुढचा दिवा बंद झाला. साडेसहा वाजत आले की आया रडणाऱ्या पोरांच्या तोंडावर हात ठेवायच्या, जणू विमानाला ऐकू जाणार होतं.

मामंजींना कुणी नेमलं नव्हतं, पण ते काठी घेऊन फिरू लागले आणि चार रिकामटेकडे त्यांच्यामागे. माझं मत विचाराल तर त्यांना एवढं सुख जन्मात कधी मिळालं नव्हतं. मारायचं आणि वर शाबासकी घ्यायची. कोपऱ्यावरच्या शिंप्याचा दिवा त्यांनी काठीने फोडला आणि काचा शिंप्याच्या डोक्यात गेल्या. सिगडी पेटवणाऱ्या एका म्हातारीच्या अंगणात त्यांनी निखारे लाथेने उधळले. आमच्या शेजारचे नीलकंठ खेर, रेल्वेत गार्ड, साठीला टेकलेला गरीब माणूस. स्वतःच्या अंगणात बिडी पेटवली म्हणून मामंजींनी काठी अशी घातली की बिडीबरोबर पुढचा दातही गेला. खेरकाका तोंडाला धोतर लावून आत गेले. दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातले लोक मामंजींनाच म्हणाले, काका, तुमच्यामुळे आम्ही वाचून राहिलो.

श्रीकांतने एकदाच तोंड उघडलं. ढाक्याची धावपट्टी आपल्या विमानांनी उखडून टाकली असं रेडिओ सांगत होता. ते त्याने जेवताना सांगितलं. खड्डे बुजवायला एक रात्र पुरते, असं मामंजी म्हणाले, पण ते नंतर. आधी श्रीकांतच्या थोबाडीत बसली. सत्तावीस वर्षांचा, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी करणारा, बाप होऊ घातलेला माणूस. त्याने गालाला लागलेला भात पुसला आणि पुढचा घास घेतला. मला त्या क्षणी बापापेक्षा लेकाचाच जास्त राग आला.

मला कळा सुरू झाल्या त्या दुपारी, दिवस भरायच्या आधीच. श्रीकांत ड्युटीवर होता. सासूबाईंनी दुलारी दाईला बोलावलं. तिने पोटावर हात फिरवला आणि तिचा चेहरा उतरला. बच्चा उल्टा है, पैर नीचे हैं, असं ती म्हणाली. इस्पितळात न्या, असं तिने दोनदा सांगितलं. सासूबाई रिक्षा बघायला निघाल्या तेवढ्यात मामंजी कारखान्यातून आले. सूर्य कलला होता. या वेळेला कुणी रस्त्यावर जायचं नाही, बायका घरीच बाळंत होतात, असं म्हणून त्यांनी दाराला आतून कडी घातली. मग मागच्या दाराने बाहेर पडले, त्याला बाहेरून कडी लावली आणि काठी घेऊन फेरीला गेले.

अंधार पडला. पायाळू पोर काळोखात कसं काढायचं? दाई म्हणाली, मला दिसलं नाही तर दोघांतलं एक जाईल, आणि कदाचित दोन्ही. मी हे ऐकत पडले होते. मला मरायचं नव्हतं, एवढंच मला कळत होतं. सासूबाईंनी कंदील पेटवला, वात अगदी बारीक केली, खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर ठेवला आणि वरून आपल्या लुगड्याचा पदर धरून आडोसा केला. ज्या बाईने उभ्या जन्मात नवऱ्याला न विचारता भाजी बदलली नाही, तिने दिवा पेटवला.

एखादी चिंधी सरकली असेल, कोण जाणे. बाहेरून मामंजींना छपरात उजेडाची रेघ दिसली. ते मागच्या दाराने आत आले तेव्हा दाईचे हात कामात होते आणि पोराचा एक पाय बाहेर आला होता.

"दिवा विझव," मामंजी म्हणाले. "साडेसहा होऊन राहिले."

"नाही विझवणार," सासूबाई म्हणाल्या.

मामंजींनी पुन्हा सांगितलं नाही. काठी आली ती सासूबाईंच्या मनगटावरून कंदिलावर. काच फुटली, कंदील उडाला, रॉकेल सासूबाईंच्या लुगड्यावर आणि थंडीसाठी भिंतीलगत अंथरलेल्या पेंढ्यावर सांडलं. एकदम भडका उठला. आणि तेव्हा मामंजींनी जे केलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ते जमिनीवर पालथे पडले. दोन्ही हातांनी कान दाबले, तोंड उघडलं आणि तसेच पडून राहिले. तीस वर्षं हाडात मुरलेला शिरस्ता होता तो. भडका दिसला, की पडायचं. त्यांच्यापासून दोन हातांवर त्यांची बायको जळत होती, किंचाळत होती, आणि हा माणूस पालथा पडून भोंग्याची वाट बघत होता.

दाई मला ओढत मागच्या दाराने बाहेर घेऊन गेली. पोर अर्धं आत, अर्धं बाहेर. कुंपणापलीकडे खेरकाकांचं अंगण. खेरकाका आपल्या खाटेवरची गोधडी घेऊन धावत आले, आमच्या घरात शिरले आणि त्यांनी सासूबाईंना तिच्यात गुंडाळून बाहेर आणलं. मग परत जाऊन मामंजींना पायाला धरून फरफटत काढलं. तोवर गोणपाटाने पेट घेतला होता, गोणपाटावरून आढ्याने. कवेलू तडतडून फुटत होती. काळा कागद, चिंध्या, बांबू, सगळं एकदम. खेरकाकांचा दात गेल्यापासून मोहल्ल्यात कुणी बिडी पेटवली नव्हती आणि आता आमचं घर असं पेटलं, की लांब गोहलपूर मोहल्ल्यातूनही दिसलं म्हणतात.

वेळ नेमकी तीच, साडेसहाची. सगळ्यांना पाठ केलेली. माणसं घराबाहेर आली ती बादल्या घेऊन नाही. काही पोरांना काखेत मारून लढाईसाठी खणलेल्या खंदकांकडे धावली. बाकीची आमच्याकडे आली. कुणीतरी ओरडलं की मोकाशी विमानाला इशारा देऊन राहिला, यानेच वेळ सांगितली होती, याला कशी ठाऊक? मग काय, पहिला हात खेरकाकांचाच पडला. ज्याला आत्ता पायाला धरून वाचवलं त्याच्याच तोंडावर त्यांनी मूठ मारली. मग शिंपी आला. मग मामंजींच्या मागे फिरणारे ते चार रिकामटेकडे आले आणि त्यांनी त्यांचीच काठी उचलली. डोकं फुटलं, बरगड्या मोडल्या, चांगल्या कानातून रक्त आलं. मामंजी एकदाही ओरडले नाहीत. ते वर आकाशाकडे बघत होते.

मी कुंपणाच्या अलीकडे जमिनीवर पडून कळा देत होते आणि सगळं बघत होते. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. अजून मारा, असं वाटलं. आमच्या घराच्या उजेडात दाईला हवं तेवढं दिसलं आणि तिने पोर काढलं. मुलगी. आधी रडली नाही. दाईने पाय धरून उलटी केली, पाठीत दोन थापट्या मारल्या, तेव्हा रडली. आमच्या घरातली पोर, जन्मली तीच मार खाऊन.

विमान आलं नाही. त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, कधीच नाही. पोलीस आले तेव्हा सासूबाईंनी भाजलेल्या ओठांनी सांगितलं की स्टोव्हचा भडका उडाला. डॉक्टरांनाही तेच सांगितलं. सगळ्यांना खरं माहीत होतं आणि सगळ्यांनी मान डोलावली. बायकांच्या जळण्याला आपल्याकडे स्टोव्ह नेहमीच हजर असतो.

आम्ही खेरकाकांच्या पडवीत राहिलो. लढाई जिंकल्याची बातमी आली त्या दिवशी बड्या फुहाऱ्यावर लोक नाचले, दिवे लागले, फटाके उडाले. माझी सोयर अजून संपली नव्हती. खेरकाकू म्हणाल्या, बाहेर पडू नको. मी पोर पदराखाली घेतली आणि इस्पितळात गेले. आता मला कोण काय सांगणार होतं? सासूबाई डोक्यापासून कमरेपर्यंत पट्ट्यांत होत्या. चेहऱ्याचा एक डोळा तेवढा दिसायचा. मी मुलगी त्यांच्याजवळ नेली. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. नाव काय ठेवता, विचारलं. मीरा म्हणाले, तर हूं म्हणाल्या.

मामंजी कोपऱ्यात स्टुलावर बसले होते, डोक्याला फडकं बांधून. श्रीकांत दाराशी उभा होता. सासूबाईंनी मान न वळवता मामंजींना विचारलं. आवाज कसाबसा निघत होता.

"अहो, तिथून इथे यायला सव्वा तास. अन् वापस जायला?"

मामंजींना प्रश्नच कळला नाही. "वापस काहून मोजायचं?" ते म्हणाले. "गोळा कधी वापस येते काय?"

"गोळा नाही येत," सासूबाई म्हणाल्या. "पण विमानात माणूस बसून राहते ना. त्याला घरी नाही जायचं काय?"

मी मामंजींकडे बघत होते. तीस वर्षं त्यांनी सुटणारी आणि पडणारी वस्तू मोजली होती. परत येणारी कधी मोजलीच नव्हती. त्यांचे ओठ हलू लागले. साडेसहाशे जायचे, साडेसहाशे यायचे. ढाक्याला जी काही विमानं होती ती लहान होती, हे कारखान्यात सगळ्यांनाच ठाऊक होतं, त्यांनाही. मग ते स्वतःशीच म्हणाले की पेट्रोल पुरत नाही. एवढ्या लांब येऊन परत जायला त्या विमानांना पेट्रोल पुरतच नाही. सासूबाईंनी उत्तर ऐकलं की नाही, सांगता येत नाही. त्यांनी डोळा मिटला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या. नर्मदेवर ग्वारीघाटाला सगळं उरकून माणसं दुपारी परत आली. खेरकाकांच्या अंगणात घोंगडी अंथरली होती. मोहल्ल्यातले लोक समाचाराला आले, ज्यांनी मारलं होतं तेही आले. आता कुणालाच मामंजींचा राग नव्हता. जिंकलेली माणसं फार लवकर माफ करतात. मामंजी मधोमध बसले होते, मुंडण केलेलं, टाके दिसणारं डोकं खाली घालून.

"माझ्याकडून वापसीचं मोजायचं राहून गेलं," ते म्हणाले. "मोजलं असतं, तर हे झालं नसतं."

लढाईचे दिवस होते, कुणाचीही चूक होते, असं शिंपी म्हणाला. खेरकाका म्हणाले, मनाला लावून घेऊ नका. दोघातिघांनी खरं आहे, खरं आहे म्हणत माना हलवल्या. मी पडवीत पोरीला घेऊन बसले होते. पुरुषांच्या बैठकीत सुनेने बोलायचं नसतं. मी पडवीतून उतरले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मोजलं असतं, तरी तुम्ही मारलंच असतं, मामंजी," मी म्हणाले. "विमान नसतं, तर दुसरं काही असतं."

श्रीकांतने मला खूण केली, आत जा. मी हलले नाही. मला वाटलं आता तो नियमही मोडणार, आता हात माझ्यावर येणार, आणि मी पोर उजव्या कुशीतून डाव्या कुशीत घेतली. मामंजींनी मान वर केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि मग, उलट उत्तर ऐकूनही, आयुष्यात पहिल्यांदा हात न उचलता बोलले.

"हो," ते म्हणाले. "मारलं असतं."